शब्द नाहीत, मग नाव कशाला?

साठच्या दशकात अमेरिकेतल्या सुखश्राव्य वाद्यसंगीताच्या तबकड्यांवर मागे गाणाऱ्यांची नावे सहसा छापत नसत, या थोर प्रथेचा यथोचित गौरव अजून झालेला नाही. तबकडी वाद्यसंगीताची; तीत माणसे गातात हे कबूल केले, तर शास्त्राचे काय? वाद्यवृंदप्रमुख रे कॉनिफ यांनी हा पेच १९५६ मध्येच सोडवला होता. बायकांचे आवाज ट्रम्पेटच्या जोडीला, पुरुषांचे ट्रॉम्बोनच्या. शब्दांऐवजी नुसते ‘दा-दा-दा’. आता ट्रॉम्बोनचे नाव कोणी वेष्टनावर छापते का? काही हळवे लोक म्हणतील, हे गायक-गायिका समोर येईल ती स्वरलिपी बिनचूक गात. गात असतीलच. पण चूक झाली असती तर निदान कोणी गायल्याचे लक्षात तरी आले असते! शिवाय ध्वनिमुद्रणाच्या सत्राचे पैसे मिळत. त्यावर पुन्हा नाव मागणे हा हावरटपणाच.

न्याय मात्र दोन्ही बाजूंनी हवा. शब्दांवाचून गाणाऱ्या आवाजाला श्रेय नसेल, तर आवाजावाचून राहिलेल्या शब्दांना मोबदला मिळालाच पाहिजे. ही अतिशयोक्ती नव्हे. १९६६ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या शीर्षकधुनेत लुली जीन नॉर्मन यांचा आवाज आहे. श्रेयनामावलीत त्या नाहीत. त्याच धुनेवर मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी गीत लिहिले. मालिकेत ते एकदाही गायले गेले नाही. संगीतकार अलेक्झांडर करेज यांच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा रॉडनबेरींना गीतकार म्हणून मिळाला.