शिलालेख आणि पिवळा पेन

परीक्षा जवळ आली की गोव्यातल्या आमच्या नार्वे गावच्या पोरांच्या हाती हायलायटर येतो. पहिल्या पानावर दोन ओळी रंगतात. दहाव्या पानापर्यंत अख्ख्या पुस्तकाला हळद लागलेली असते! मग जे रंगवायचं राहून गेलं, तेच डोळ्यांत भरतं. गावातच सप्तकोटेश्वराच्या देवळात 1668 चा शिलालेख आहे : देव, शक, तिथी, वार, शिवरायांची आज्ञा, देवालयाचा प्रारंभ. संपलं. छिन्नीने कोरायचं म्हटलं की माणूस आधी विचार करतो. (छिन्नी दप्तरात चालत नाही, हीच अडचण.) आमचे चिरंजीव त्या शिलालेखाचाही मोबाइलवर फोटो काढून आले. म्हणाले, ‘‘नोट्स काढल्या.’’ वाचलास का, असं विचारेपर्यंत त्यांची दिवाडीची फेरीबोट सुटायची वेळ झाली होती.