घरखरेदीविषयी स्टुटगार्ट शाखेचे निवेदन

स्टुटगार्ट, शनिवार, दुपार

तीर्थरूप आई व बाबा यांस,

घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने ‘कोणते घर’ या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी ते कोणासाठी, केव्हापासून आणि कोणाच्या देखरेखीखाली, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर उतरवावीत, हे तत्त्व सर्वसाधारणपणे कोणी नाकारत नाही. तथापि कुटुंबाच्या नागपूर शाखेकडून आलेल्या पार्सलात भिवापुरी तिखट, सरगुंडे व मूगवड्या यांच्या तळाशी वर्धा रोडवरील इमारतींच्या माहितीपत्रकांचा जो गठ्ठा निघाला, आणि त्यापाठोपाठ ‘भाव वाढून राहिले’ असा इशारा देणारा नानाकाकांचा जो फोन आला, त्यांवरून कुटुंबातील चर्चा उलट्या टोकाने सुरू झाल्याचे दिसते. स्टुटगार्ट शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील मराठीला बाबांनी ‘पानठेल्यावरची’ असे विशेषण दिल्यामुळे प्रस्तुत उत्तर ग्रंथभाषेत व तृतीय पुरुषात दिले जात आहे. तळटीपा फोनवर दिल्या जातील.

विषयप्रवेशापूर्वी नागपुरातील घडामोडींची दखल घेणे क्रमप्राप्त आहे. अक्काआत्यांकडील लग्नात वडाभात पंगतीच्या आरंभी वाढावा की मध्यात, या वादात बाबांनी तटस्थ राहावे, कारण मागील वेळी त्यांनी मत दिल्यावर दोन घरांतील दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण थांबली होती. मामांची साखर वाढली असताना त्यांच्या कपाटात संत्रा बर्फीचा डबा सापडावा, याचे येथे कोणालाही आश्चर्य वाटले नाही. नानाकाकांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतल्याचे कळले. त्यांनी पूर्वी सोफा वाहून नेला होता ते प्रकरण लक्षात घेता तिच्यावर फर्निचर वाहून नेऊ नये, एवढीच नम्र सूचना आहे.

आता गरजेचा विचार. आई-बाबांचे त्रिमूर्तीनगरातील सध्याचे घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीस लिफ्ट नाही, आणि आई भाजीची पिशवी घेऊन पहिल्या मजल्याच्या वळणावर ‘जरा शेजारणीशी बोलायला’ थांबते, ही माहिती आईने नव्हे तर अक्काआत्यांनी पुरविली आहे. यावरून निष्पन्न होते की नव्या घराची पहिली गरज तीन शयनकक्ष, क्लबहाऊस वा पोहण्याचा तलाव ही नसून तळमजला किंवा चालू असणारी लिफ्ट ही आहे. दुसरी गरज सावलीची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात पश्चिमेकडील शयनकक्ष व गच्चीखालचा मजला यांचा अनुभव कुटुंबास आहेच. त्यात अनेक नव्या उंच इमारतींत कूलर बसविण्याजोगी खिडकीच ठेवलेली नसते, ही बाब माहितीपत्रकातील रंगीत चित्रांत दिसत नाही. तिसरी गरज चालत जाण्याच्या अंतरावरील भाजीबाजार, औषधाचे दुकान आणि बोलायला माणसे. नानाकाकांनी सुचविलेली ‘पूर्वमुखी दार’ ही गरज नोंदवून घेण्यात आली असून ती यादीत सर्वांत खाली ठेवली आहे.

पर्यायांमध्ये नानाकाकांचा वर्धा रोडचा आग्रह अगदी निराधार नाही. खापरीकडून सीताबर्डीकडे जाणारी मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, मिहान परिसरात एम्स आले, आणि जामठ्याच्या क्रिकेट मैदानापर्यंत वस्ती पसरत गेली. मात्र ज्या व्यक्तीची संध्याकाळ गोकुळपेठेच्या बाजारात जाते आणि मंगळवार टेकडीच्या गणपतीला जातो, तिला तेथे नेऊन ठेवल्यास मेट्रोचा पास काढून द्यावा लागेल व तो नानाकाकांच्या खर्चाने काढावा. बेसा परिसर तुलनेने स्वस्त आहे. तथापि तो महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्यामुळे पाणी, सांडपाणी व रस्ता कोण पुरविते, हे प्रत्येक ले-आउटगणिक विचारावे लागते, आणि उत्तर ‘टँकर’ असे आल्यास पुढची चौकशी थांबवावी.

काटोल रोडवरील फार्महाऊसचा मामांचा प्रस्ताव दोन कायद्यांवर आपटतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयास भारतात राहते घर वा दुकान विकत घेता येते, परंतु शेतजमीन, मळ्याची जमीन व फार्महाऊस विकत घेता येत नाही; ती वारशाने मात्र मिळू शकतात. शिवाय विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे आणि त्यानुसार बिगरशेतकऱ्यास शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत. मामा शेतकरी नाहीत, स्टुटगार्ट शाखा निवासी नाही. तेव्हा हुरडा दुसऱ्याच्या शेतावर खाणे हाच कायदेशीर मार्ग उरतो.

अक्काआत्यांच्या मते धरमपेठेपलीकडे माणसे राहत नाहीत. त्या भागाचे आकर्षण मान्य करूनही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. जुन्या वस्त्यांतील काही भूखंड नझूलचे, म्हणजे सरकारच्या मालकीची बिगरशेती जमीन भाडेपट्ट्याने दिलेली अशा स्वरूपाचे असतात, तर काही नागपूर सुधार प्रन्यासाच्या, अर्थात १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नासुप्रच्या पट्ट्याचे असतात. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी पाहिल्याविना तेथील सदनिका म्हणजे नेमके काय विकत घेतले, हे सांगता येत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतील तळमजल्यांत पाणी शिरले, त्या रात्री आत्यांनी स्वतःच फोन करून शेजारच्या गाड्या तरंगत असल्याचे सांगितले होते. आईसाठी तळमजला हवा हे खरे, पण तो नाल्यापासून किती उंचीवर आहे, हे विक्रेत्याला न विचारता समोरच्या किराणा दुकानदाराला विचारावे. त्याला विकायचे काही नसते.

(येथे कपडे धुण्याचे यंत्र थांबल्यामुळे लेखनात खंड पडला. या इमारतीच्या नियमावलीनुसार ते रविवारी लावता येत नाही, आणि शनिवारी सर्व बिऱ्हाडांना एकाच वेळी स्वच्छतेची आठवण होते.)

माहितीपत्रकांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. त्यांतील एकावर १,२५० चौरस फूट असे ठळक छापले असून आतील पानावर, आजोबांच्या भिंगाखेरीज वाचता न येणाऱ्या अक्षरांत, ८४० हा आकडा आहे. पहिला आकडा ‘सुपर बिल्टअप’चा, म्हणजे जिना, लिफ्ट, प्रवेशदालन यांचा वाटा मिळवून फुगविलेला, दुसरा ‘कार्पेट’चा, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याची महाराष्ट्रातील अंमलबजावणी १ मे २०१७ पासून महारेरा हे प्राधिकरण करते, विक्री कार्पेट क्षेत्राच्या हिशेबाने करण्याचे बंधन घातले आहे. बाबांनी भागाकार कार्पेट क्षेत्रानेच करावा, म्हणजे ‘स्वस्त’ घर किती स्वस्त आहे ते उमगेल.

याच कायद्यातील एक फट नागपुरात विशेष महत्त्वाची ठरते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठांपेक्षा अधिक नसतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी करावी लागत नाही. आणि प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या भागांत जुने बंगले पाडून खाली वाहनतळ व वर चार मजले अशा ज्या इमारती उभ्या राहतात, त्यांपैकी अनेक नेमक्या याच मापात बसतात. अशी घरे वाईट असतात असे नव्हे. उलट आई-बाबांच्या गरजांना तीच अधिक जवळची आहेत. मात्र तेथे नोंदणी क्रमांकाचा आधार नसल्यामुळे मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे बांधली असून राहण्यास योग्य असल्याचा दाखला, आखीव पत्रिका म्हणजे नगर भूमापनातील मालकीची नोंद, आणि वकिलाने तीस वर्षांचे दस्त तपासून दिलेला शोध अहवाल, हे सर्व स्वतः मिळवावे लागते. ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटांचा इतिहास बाबांना ठाऊक आहेच. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीविना पाडून विकलेले तुकडे, नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. ‘आर.एल. (म्हणजे नियमित केल्याचे पत्र) होऊन जाईल’ या भविष्यकाळावर पैसे देऊ नयेत. पत्र हातात असेल तरच बोलावे.

आता नानाकाकांचा प्रतिप्रश्न, की पोट्टे तिकडेच का घर घेत नाहीत. स्टुटगार्टमध्ये साध्या जुन्या सदनिकेचा भावही एका चौरस मीटरला चार हजार युरोंच्या वर जातो, म्हणजे आईची साडी वाळत घालावी तेवढ्या बाल्कनीच्या किमतीत नागपुरात बऱ्यापैकी मोटार येते. त्यावर खरेदी कर ५ टक्के, लेखप्रमाणक व भूमिनोंद यांचे सुमारे २ टक्के, आणि दलाल असल्यास त्याचे सुमारे साडेतीन टक्के. लेखप्रमाणक हा सरकारने नेमलेला विधिज्ञ असून तो संपूर्ण खरेदीखत दोन्ही पक्षांसमोर मोठ्याने वाचून दाखवितो. बाबांना हा सोहळा आवडेल. मामा दुसऱ्या पानाला झोपतील. भाड्याच्या घराची तऱ्हा निराळीच. येथे पुष्कळदा भाडेकरू जाताना स्वयंपाकघर बरोबर घेऊन जातो, ओटा, कपाटे, शेगडी, मोरीसकट, आणि नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला भिंतीतून डोकावणारा एक नळ येतो. या शाखेने पहिला आठवडा त्या नळाकडे पाहत काढला.

परंतु खरा छळ ‘केअरवोखे’चा आहे. याचा अर्थ झाडण्याचा आठवडा. स्वाबियन प्रदेशातील या प्रथेनुसार इमारतीतील बिऱ्हाडांना आळीपाळीने जिना पुसावा लागतो, ही धाकटी पाळी. थोरल्या पाळीत अंगण, पदपथ, तळघर आणि हिवाळ्यात पहाटेचा बर्फ येतो. शहराच्या नियमांतून ही सक्ती १९८८ मध्ये काढून टाकण्यात आली, पण घरभाड्याच्या करारांत व शेजाऱ्यांच्या नजरेत ती शाबूत आहे. पाळी आली की दाराच्या मुठीवर एक लहानशी पाटी अवतरते. पाटी कोण लावते, हे अद्याप कळलेले नाही. जिना स्वच्छ असला तरी पुसावा लागतो, कारण प्रश्न धुळीचा नसून पुसताना दिसण्याचा आहे. आणि खालच्या मजल्यावरील आजी दार किलकिले करून फडक्याची दिशा तपासतात. सूनबाईंनी एकदा जिना पुसून दारासमोर रांगोळी काढली असता आजींनी बराच वेळ विचार करून ती सुंदर असल्याचे मान्य केले व पुढील पाळीच्या आत पुसण्याची सूचना केली.

या प्रथेमुळे मालकीविषयी एक गोष्ट मात्र येथे पक्की कळली आहे: घर कोणाचेही असो, ते झाडणार कोण, हे आधी ठरलेले असावे. स्टुटगार्ट शाखेने नागपुरात तीन शयनकक्षांचे घर घेतले आणि आई-बाबा जुन्या घरातच राहिले, तर ते नवे घर वर्षातून तीन आठवडे उघडेल. उरलेल्या काळात मालमत्ता कर, सोसायटीचा देखभाल खर्च, वाळवी आणि किल्ली हे सर्व बाबांकडे येईल. म्हणजे वृद्धापकाळी त्यांना दोन घरे झाडावी लागतील. मुखत्यारपत्राचाही विचार करावा. ते म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात करून पाठविता येते आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. मात्र ते एकाच व्यवहारापुरते आणि बाबांच्या नावेच केले जाईल. नानाकाकांना सर्वाधिकार देण्याची सूचना सोफ्याच्या कारणास्तव फेटाळण्यात आली आहे.

भाड्याचा पर्याय नागपूर शाखेने विचारातच घेतलेला नाही, आणि येथे शाखेचे मत स्पष्ट आहे. नागपुरात घराचे वार्षिक भाडे सहसा किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते, तर गृहकर्जाचे व्याज त्याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा आई-बाबांनी लक्ष्मीनगर किंवा बजाजनगर भागात लिफ्ट असलेले घर वर्षभर भाड्याने घेऊन राहून पाहावे आणि जुने घर तूर्त कुलूपबंद न ठेवता भाड्याने द्यावे. वर्षाअखेर आईचे गुडघे, कूलरची खिडकी आणि बाजाराचा रस्ता जो निर्णय देतील, तो घ्यावा. खरेदी झालीच तर ती आईच्या नावे व्हावी, कारण २०२१ पासून महिला खरेदीदारास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि त्या घरात कोणाचे चालणार हे तसेही ठरलेले आहे.

या शाखेच्या स्वतःच्या गरजांची यादी नानाकाकांनी मागितली होती. ती करावयास बसल्यावर शयनकक्षांची संख्या सुचेना. ओल्या खसाचा वास, अजनीकडून रात्री येणारी गाडीची शिटी, ‘हात धुतले का’ असा स्वयंपाकघरातून येणारा प्रश्न, एवढेच कागदावर उतरले. नात फोनवर सरगुंड्यांना ‘आजीचा पास्ता’ म्हणते आणि सर्वजण हसतात. पण फोन ठेवल्यावर तिने, आजी वर चढून येताना थांबते का, असे विचारले, तेव्हा कोणालाही लगेच बोलता आले नाही. या गरजा कोणत्याही माहितीपत्रकात बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी कर्ज काढू नये, हेही शाखेस कळते.

तिखट फार जहाल निघाले, उत्तम आहे. मूगवड्या कमी पडल्या. आईने गुडघ्यांची तपासणी करून अहवालाचे छायाचित्र थेट पाठवावे, अक्काआत्यांमार्फत नव्हे. आणि दिवाळीत सर्वजण समोरासमोर बसून ठरवीपर्यंत नानाकाकांनी कोणत्याही बिल्डरला, ओळखीचा असला तरी, एक रुपयाही बयाणा देऊ नये, ही कळकळीची विनंती.

सर्वांस यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद.

आपली,
स्टुटगार्ट शाखा