शोकोचा आवाज कुणाचा?

जपानी ॲनिमे इंग्रजीतून पाहिला म्हटलं की सबटायटलवाली मंडळी नाक मुरडतात. अस्सल काय ते जपानी, डब म्हणजे भेसळ, हा त्यांचा निकाल ठरलेला. 'अ सायलेंट व्हॉइस'च्या बाबतीत हा निकाल मला साफ अमान्य आहे.

नाओको यामादा यांनी दिग्दर्शित केलेला, क्योटो ॲनिमेशनचा हा २०१६चा सिनेमा योशितोकी ओइमा यांच्या मांगावर आधारलेला आहे. ओइमा यांची आई खुणांच्या भाषेची दुभाषी. म्हणजे हा विषय त्यांच्या घरातलाच. शोको निशिमिया ही कर्णबधिर मुलगी सहावीत नव्या शाळेत येते आणि शोया इशिदा तिचा छळ मांडतो. तिची श्रवणयंत्रं हिसकावतो, फेकून देतो. एकदा तर तिच्या कानातून रक्त येतं. पुढे मोठेपणी तोच शोया खुणांची भाषा शिकून तिच्यासमोर उभा राहतो.

जपानीत शोकोचा आवाज साओरी हायामी यांचा आहे. त्या कसलेल्या अभिनेत्री आहेत आणि त्यांच्या कामात कुठेही उथळपणा नाही. पण त्यांना ऐकू येतं. इंग्रजी डबमध्ये शोकोसाठी बोलली आहे लेक्सी मार्मन, आणि ती स्वतः कर्णबधिर आहे.

याने काय बिघडतं-घडतं, ते शोया वर्गात तिच्या बोलण्याची नक्कल करतो तिथे कळतं. पोरं हसतात. जपानी आवृत्तीत शोयाची ती नक्कल, आणि शोकोचा आवाजही शेवटी ऐकू येणाऱ्या कुणीतरी घडवलेलाच. एक क्रूर, दुसरा हळुवार, एवढाच फरक. इंग्रजीत नक्कल ही नक्कल राहते आणि तिच्या शेजारी खरा आवाज उभा असतो. ते हसणं मग अंगावर येतं. शोको एकदा चिडून शोयाशी झटापट करते, तेव्हाचे तिचे शब्द त्याला धड कळतही नाहीत. ते अस्पष्ट बोलणं लेक्सीला कुठून उसनं आणावं लागलेलं नाही.

आणि हे ज्या धंद्यात घडलं, तो सगळा कानावर चालतो. बूथमध्ये नट एकटा, कानात तीन बीप, चौथ्या ठोक्याला वाक्य सुरू. चित्रातले ओठ मोजक्याच आकारांत उघडमीट करणारे, वाक्य त्याच मापात बसवायचं. अशा ठिकाणी कर्णबधिर अभिनेत्रीला आणून बसवणं सोपं नव्हतंच. तरी बसवलं. पडद्यावर शोकोचे हात मात्र जपानी खुणांतच बोलत राहतात. अमेरिकी खुणांची भाषा वेगळी, पण हातांना डब करता येत नाही, आणि ते तसेच राहिले हेही बरंच झालं.

'अभिनय म्हणजे दुसऱ्याचं जगणं उभं करणंच ना?' असं कुणी विचारेल. बरोबर आहे. मग हा न्याय दोन्ही बाजूंनी लावा. ऐकणाऱ्या नटाला कर्णबधिराची भूमिका सहज मिळते. कर्णबधिर नटाला ऐकणाऱ्याची कोण देतं? आपल्या मुंबईचंच बघा. 'कोशिश' १९७२चा, 'बर्फी' २०१२चा. मधे चाळीस वर्षं गेली आणि दोन्हीकडे कर्णबधिर नायक-नायिकांच्या भूमिका ऐकू येणाऱ्या कलाकारांकडेच. संजीव कुमार आणि जया भादुरी 'कोशिश'मध्ये थोर होते, याबद्दल वाद नाही. पण त्या कामासाठी एखाद्या कर्णबधिर कलाकाराला निदान दार उघडून आत बोलवावं, एवढं तरी व्हायला हवं.

तेव्हा सबटायटलवाल्यांनी हा सिनेमा एकदा इंग्रजीतून पाहावा. आणि पुढच्या वेळी कर्णबधिर पात्राला आवाज द्यायचा असेल, तर डब हिंदी असो की मराठी, पहिलं बोलावणं कर्णबधिर कलाकारांना जायला हवं. स्टुडिओत जमणार नाही ही सबब लेक्सी मार्मनच्या कामानंतर कुणी सांगू नये.