पासपोर्टवाले वकीलबाब

मडगावातला दुसरा कुठलाही वकील आधी तुमचे भांडण विचारतो. पोर्तुगीज पासपोर्टवाले वकीलबाब विचारतात, "पप्पा कधी जन्मले?" १९ डिसेंबर १९६१च्या आधी, असे उत्तर आले की त्यांचा चेहरा खुलतो. पोर्तुगीज राजवट संपली म्हणून सगळा गोवा या तारखेला मुक्तिदिन साजरा करतो. वकीलबाबांच्या लेखी त्या दिवशी गिऱ्हाइकांचा पुरवठा बंद झाला. तरी पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क मुला-नातवांपर्यंत पोचतो, म्हणून दुकान चालू आहे.

पासपोर्टच्या आधी जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो. म्हणजे जन्मात कधी गोव्याच्या वेशीवरची पत्रादेवी न ओलांडलेले पप्पा सत्तरी उलटल्यावर लिस्बनच्या दप्तरात जन्माला येतात. लग्नही नोंदवायचे असते. तेव्हा मम्मीशी पुन्हा संसार थाटणे आले. मम्मीला कोणी विचारत नाही.

"वकीलबाब, पप्पांचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं आहे हो."

"तीनच? मग सोपं आहे."

जुन्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी, आधारवर टायपिस्टच्या मर्जीचे. हे तिघे एकच इसम असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यात वकीलबाबांचा हात धरणारा कोणी नाही. जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ यांच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, कारण आजोबांचा दाखला एकाकडे आणि आजीचा दुसऱ्याकडे. दिवाणी कोर्टाला हे जमलेले नाही.

पूर्वी हा पासपोर्ट घेऊन सगळ्यांना इंग्लंडातल्या स्विंडनला जायचे असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, २०२० संपताना तिथे मुक्तपणे राहण्या-कमावण्याची सोय गेली. गावात सुतक पडले. वकीलबाबांनी मात्र भिंतीवरचा लंडन ब्रिजचा फोटो उतरवून तिथे आयफेल टॉवर लावला. धंद्यात भावना आणणाऱ्यांपैकी ते नव्हेत.

एक गोष्ट तेवढी ते फीचा शेवटचा हप्ता मिळाल्यावर सांगतात, तीही चष्मा पुसता पुसता. खरे तर ती पहिल्याच दिवशी सांगायला हवी, म्हणून मीच सांगून टाकतो. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परका पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट गेला, मतदान गेले. पुढे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे ओसीआय कार्ड मिळाले, तरी वाडवडिलांचे शेत वारशाने घेता येते, शेजारचे विकत घेता येत नाही. पहिला हप्ता देण्यापूर्वी हे घरात सगळ्यांना सांगा, मम्मीलाही.