बसतंय की!

मारुतीने ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबवलं. रस्त्यावरच्या ओम्नी मात्र अजून थांबत नाहीत. काही तर ब्रेक मारूनही.

१९८४ साली ती नुसती ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली. तेव्हापासून तिने शाळेची पोरं वाहिली, पेशंट वाहिले, केटररची पातेली वाहिली, आणि हिंदी सिनेमातल्या पळवलेल्या नायिकाही. एवढ्या सेवेनंतर म्हातारपणी तिला काय मिळतं? दुसऱ्याचे ब्रेक.

म्हणजे असं. जुन्या व्हॅनला ड्रम, मालकाला हवी डिस्क. नवं सामान कोण घेतो? भंगारात एखादी आपटलेली छोटी कार पडलेलीच असते. तिचे कॅलिपर (डिस्कला चिमटीत धरणारे), डिस्क, हब काढायचे आणि इकडे चढवायचे. मिस्त्री पट्टी लावल्यासारखं करतो आणि निकाल देतो, ‘बसतंय की!’

बसतंय. पण थांबतंय का?

हे कुणी विचारत नाही. ती कार भंगारात का आली, हेही नाही.

कॅलिपर रिमला घासतं? ग्राइंडर आहे. बोल्ट हलतो? वॉशर आहेत. भोकं जुळत नाहीत? मोठी करू. अहो, गाडीला ब्रेक लावताय की संडासाच्या दाराला कडी?

ब्रेकचं शास्त्र तसं सोपं आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि ऑइल पिस्टन ढकलतं. नव्या कॅलिपरचा पिस्टन मोठा आणि मास्टर जुनाच, तर तेवढं ऑइल येणार कुठून? पेडल पार खाली जातं. बरं, मोठा मास्टर टाकला, तर पेडल दगड. दोन्ही तक्रारींवर गॅरेजचं उत्तर एकच, ‘सवय होईल.’

ड्रमचा एक गुण आपल्याला कधी कळलाच नाही. फिरता ड्रम आतल्या पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो, तो आणखी आवळला जातो, म्हणजे फुकटचा जोर. डिस्कला हे फुकट मिळत नाही. तिला बहुतेकदा पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो आणि बूस्टरला चालू इंजिनाचा व्हॅक्युम. घाटात इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारे महाभाग (आहेत, नाही म्हणू नका) हा व्हॅक्युम दोन-चार दाबांत संपवतात. मग पेट्रोल वाचतं.

काही ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून डिस्क लावली, की पाय काढला तरी पॅड डिस्कला धरून राहतात. चाक तापतं, वास सुटतो. आधी गाडी थांबत नव्हती, आता चालत नाही.

प्रगतीच की!

पण माझा लाडका पराक्रम वेगळाच: डावं कॅलिपर उजवीकडे. तेही बसतं! फक्त हवा काढायचा निपल, जो वर असायला हवा, तो खाली जातो. आता हवा वर जमते हे शाळेतलं पोरही सांगेल. गॅरेजातलं पोर बिचारं तासभर पेडल मारत बसतं, ऑइलचे डबे संपतात, पेडल स्पंजचं स्पंजच. शेवटी उस्तादांचं निदान येतं: ‘ऑइल डुप्लिकेट आहे.’

आणि मागची चाकं? मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा जोरात लागले, तर रिकाम्या व्हॅनचं हलकं बूड आधी घसरतं आणि ड्रायव्हरला मागे टाकून पुढे जाऊ बघतं. आपण कुठून आलो ते दिसतं. सिंहावलोकन म्हणतात ते हेच.

कायदा? आहे ना. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही. पण चौकातल्या हवालदाराला काचेची फिल्म दिसते, सायलेन्सर ऐकू येतो. ब्रेक दिसत नाहीत. विमा कंपनीला दिसतात. अपघातानंतर.

मग बदलूच नये का? बदला. नंतरच्या ओम्नींना कंपनीनेच पुढे डिस्क दिली होती. त्याच कुळातला पूर्ण संच घ्या, दोन्ही बाजूंचा, मास्टर आणि बूस्टरसकट. सील, होस, पॅड मात्र नवेच. जाणत्याकडून लावून घ्या, आरटीओत विचारून घ्या. कंटाळवाणं आहे, माहीत आहे. जुगाडाची मजा त्यात नाही.

त्याआधी ड्रम उघडून तरी बघा. लायनर संपलेत, ॲडजस्टमेंट गेलीय, आणि हवेतलं पाणी पिऊन पिऊन काळं झालेलं ऑइल कुणी बदललं तेही आठवत नाही. यात दोष ड्रमचा? आणि टायर गोटा झाला असेल, तर विमानाचे ब्रेक लावा. चाक थांबेल, गाडी नाही.

एवढं करूनही परके ब्रेक लावलेतच, तर एक विनंती. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात घ्या, वेग वीसच्या आत ठेवा, हँडब्रेक धरतो का ते आधी बघा. आणि शाळेची पोरं त्या दिवशी रिक्षाने पाठवा.