कुऱ्हाडीला कुलूप

हाताने चालवायच्या धारदार हत्याराला कुलूप घालणे म्हणजे ज्याचा त्यावर हक्क नाही त्याच्या हातात ते चालू नये अशी तजवीज करणे. हत्यार हाताचेच असावे, ही यातली मुख्य अट. डिझेलवर, विजेवर किंवा मंजुरीवर चालणारी हत्यारे या विषयात येत नाहीत, त्यांना शेवटी दोन ओळी पुरतात. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावात एका घरात सापडणारी हाती हत्यारे साधारण अशी: धान कापायचा इळा, सरपणाची कुऱ्हाड, बांबू फोडायचा कोयता, शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणि स्वयंपाकघरातली पावशी, जिला पुण्याकडे विळी म्हणतात. घरात सुपारी खाणारा म्हातारा असला तर अडकित्ताही निघतो. कुलूप मात्र घरात एकच असते, आणि तेही सगळे रोवणीला गेले तरच दाराला लागते. कुलपांपेक्षा हत्यारे जास्त, ही या शास्त्राची पहिली अडचण.

रचनेच्या दृष्टीने कुलपाला सर्वांत सोयीची कात्री. ती मिटली की बोटे घालायच्या दोन्ही कड्या शेजारी येतात. त्यांतून कुलपाची दांडी घातली की पाती उघडत नाहीत. कात्री घडवणाऱ्याच्या मनात कुलूप नसेलही, पण शिंप्याच्या मनात ते कायम असते. कापडाच्या कात्रीने पोराने पतंगाचा कागद कापला तर तो गुन्हा शिंप्याच्या घरी चोरीच्या वरचा धरतात आणि शिक्षा जागेवरच होते. इळ्याला ना कडी ना भोक. वाकडेपणा हेच त्याचे सगळे भांडवल, आणि त्याच्या वाकात अडकवलेले कुलूप टोकाकडून सरकून खाली पडते. अडकित्त्याच्या दोन मुठी बांधता येतात, पण गाठ सोडायला म्हाताऱ्याला किल्ली लागत नाही. अडकित्त्यांचा पक्का बंदोबस्त पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतो. तिथले नक्षीदार अडकित्ते काचेआड ठेवलेले आहेत आणि त्यांनी आता कोणीही सुपारी कातरत नाही. वस्तूचा अनधिकृत वापर थांबवायचा तर तिला संग्रहालयात नेण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

कुऱ्हाडीला भोक आहे, पण त्यात दांडा बसलेला असतो. कुलूप अडकवायचे तर दांडा काढावा लागतो, आणि दांडा काढल्यावर ती कुऱ्हाड राहत नाही, नुसते लोखंड उरते. तेव्हा दांडा काढून घेणे हेच तिचे कुलूप. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणणाऱ्याला हे यंत्रशास्त्र ठाऊक असावे. झाड पाडते लोखंड, पण फितूर असते लाकूड, म्हणून पहारा दांड्यावर बसवायला हवा. त्यात अडचण एवढीच की दांडा जंगलातून येतो आणि तो तोडून आणायला कुऱ्हाड लागते.

या सगळ्यांत सुरक्षित म्हणावा असा दोन माणसांनी ओढायचा आरा. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक गिऱ्हाइकाची आणि एक बँकेची, तशी आऱ्याला दोन माणसे लागतात. लाकूड चोरायला निघालेल्या दोघांत एक जरी सज्जन निघाला तरी झाड वाचते. हे कुलूप निकामी ठरते ते दोघे सख्खे भाऊ असतील तेव्हा, किंवा सख्खे साडू.

आता कुलपाविषयी. हत्यार आणि कुलूप यांचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. मुंबईत आर्देशिर गोदरेज यांनी आधी शस्त्रक्रियेची हत्यारे घडवली. माल चांगला होता, पण त्यावर तो हिंदुस्थानात घडल्याची मोहोर उमटवायला गिऱ्हाईक तयार होईना, आणि मोहोर काढायला आर्देशिर तयार होईनात. धंदा बुडाला. मग शहरातल्या वाढत्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांनी १८९७ साली कुलपे घडवायला घेतली. कापायच्या वस्तूवर देशी मोहोर गिऱ्हाइकाला नको होती, बंद करायच्या वस्तूवर मात्र चालली. या देशात पुढे कोणत्या धंद्याला बरकत येणार होती, याचा अंदाज त्या गिऱ्हाइकांनी नकळत देऊन ठेवला.

चाकूच्या बाबतीत मात्र कुलूप उलटे काम करते. खटक्याच्या रामपुरी चाकूचा खटका पाते उघडे धरून ठेवण्यासाठी असतो. मधेच मिटून ते मालकाची बोटे कापू नये, एवढीच त्याची कळकळ. समोरच्याच्या बरगड्यांचा विचार त्या खटक्यात केलेला नाही. रामपूर शहराने २०२३ साली चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारला, तोही उघडा. विलायतेत याच खटक्यावर कायदा बेतला आहे. तीन इंचांपर्यंत पात्याचा घडीचा चाकू तिथे विनाकारण खिशात बाळगता येतो, पण त्याच चाकूचे पाते उघडल्यावर खटक्याने पक्के बसत असेल तर योग्य कारण दाखवावे लागते. चाकूला कुलूप असणे हाच तिथे संशय.

आपल्याकडे कायद्याने हत्यारापेक्षा हेतूला कुलूप घातले आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते शस्त्रांच्या यादीत येते, त्यालाही घर आणि शेतीचा अपवाद आहे. कुऱ्हाडीचे पाते दोन इंचांहून रुंद असते आणि इळा सरळ केला तर नऊ इंचांच्या पुढे जातो. दोघेही ‘शेती’ या एका शब्दाच्या जामिनावर मोकळे आहेत.

हा जामीन कुठपर्यंत चालतो, हे पाहायला सौंदडइतकी चांगली जागा नाही. गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या रेल्वेवरही. तालुक्याचे नाव सडक अर्जुनी, म्हणजे नावातच सडक, पण रुळांचा मान सौंदडने पटकावला आहे. गावाच्या एका अंगाला नागझिऱ्याचे जंगल, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचे. सकाळी घरातून निघालेली कुऱ्हाड बांधापर्यंत शेतीचे अवजार असते. बांधावरच्या स्वतःच्याच सागाला किंवा मोहाला ती लागली, की १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम जागा होतो आणि परवानगीचा कागद मागतो. झाड आजोबांनी लावले, ही सबब कागदात भरायला रकाना नाही. पुढे राखीव जंगलात फांदी तोडली, की १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली तीच कुऱ्हाड जप्तीयोग्य होते. त्या कलमात हत्यारांच्या रांगेतच होड्या, गाड्या आणि गुरेही आहेत. धन्याने मोळी भरली आणि बैलाने ती ओढली, तर बैलही त्या यादीत येतो. बैलाचा हेतू काय होता, हे विचारण्याची सोय नाही.

त्याहून पुढे अभयारण्याची हद्द लागते. नागझिरा १९७० पासून अभयारण्य, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शस्त्र म्हणजे बंदूक, बाण, जाळे, फासे, चाकू आणि प्राण्याला इजा करू शकेल असे कुठलेही साधन. कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. अभयारण्यातल्या वाघाची हत्यारे मूठभर असली तरी ती त्याच्या पंजातच बसवून दिलेली आहेत, त्यामुळे त्याला परवाना लागत नाही. कुऱ्हाड इथून सहीसलामत परतली तरी गावात सण किंवा निवडणूक आलेली असू शकते. मग १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ३७ लागू झालेले असते. त्यात तलवारी, भाल्यांबरोबर चाकू, काठ्या आणि लाठ्याही मोजल्या आहेत, आणि इजा करू शकेल अशी इतर कोणतीही वस्तूही. चार-सहा कोसांच्या फेरीत एकच कुऱ्हाड अवजार, हत्यार, शस्त्र आणि ‘इतर कोणतीही वस्तू’ अशा चार जन्मांतून जाते. कुऱ्हाडीला त्यातले काही समजत नाही. मालकाला समजते, पण पंचनाम्यावर अंगठा उमटवताना.

कायद्याचे खरे कुलूप अखेर खोलीला असते. जप्त कुऱ्हाड चिठ्ठी बांधून मुद्देमालाच्या खोलीत जाते आणि खटला संपेपर्यंत तिथे राहते. अनधिकृत वापर तिथे पूर्ण थांबतो, आणि अधिकृतही. पाते गंजते, दांड्याला वाळवी लागते. जंगलातून आलेले लाकूड इतक्या शांतपणे जंगलाच्या कामी येण्याचा हा एकमेव प्रसंग असावा. मालक दरम्यान लोहाराकडे जातो आणि बाजारातून नवी घेऊन येतो.

कुलपाचा सर्वांत गाजलेला मराठी प्रयोग मात्र कायद्याने केलेला नाही, तो गावांनी केला. त्याचे नाव कुऱ्हाडबंदी. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांमुळे हा शब्द राज्यभर पसरला. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान अशी ती पंचसूत्री. पाच सूत्रांत चार बंद्या आणि एकच काम, यावरून महाराष्ट्राच्या स्वभावाचा अंदाज यावा. तरीही त्या गावांत ती चालली, हे नोंदवणे भाग आहे. उघड्या टेकड्यांवर झाडे उभी राहिली आणि विहिरींना पाणी आले. कारण तिथल्या कुऱ्हाडींना लागलेले कुलूप लोखंडी नव्हते. शेजाऱ्याच्या डोळ्याचे होते, आणि शेजाऱ्याच्या डोळ्याला पाती लवत नाहीत.

मग सरकारने ते पाहिले. १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली, त्याच वर्षी १६ मार्चच्या शासन निर्णयाने संयुक्त वन व्यवस्थापनही आले, आणि जे गावकऱ्यांना उमगले होते ते आता गावकऱ्यांना समजावून सांगण्याची व्यवस्था झाली. कुऱ्हाडबंदी ही ठरावाची बाब झाली. ठराव होतो, टाळ्या होतात, आणि गावाच्या वेशीवर ‘येथे कुऱ्हाडबंदी आहे’ असा फलक लावायचे ठरते. फलक उभा करायला दोन बल्ल्या लागतात. शिवाय ठरावात शब्द कुऱ्हाड असा असतो, त्यामुळे कोयत्याने छाटलेली फांदी ठरावात बसते की नाही, यावर पुढच्या सभेत चर्चा होऊ शकते. झाडीपट्टीत, जिथे चूल, कुंपण, नांगर, मांडव आणि तिरडी सगळे जंगलातून येते आणि निस्ताराचा, म्हणजे घरच्या गरजेपुरते जंगलातून आणण्याचा, हक्क आजोबांच्या आधीपासूनचा आहे, तिथे हे कुलूप जरा घट्ट बसते. म्हणून २०१५ पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांना गॅसजोडणी देण्यात येऊ लागली. आता कुऱ्हाडीच्या कुलपाची किल्ली सिलिंडरच्या टोपणाखाली आहे. सिलिंडर भरलेले असेपर्यंत कुऱ्हाड कोपऱ्यात उभी राहते. ते रिकामे झाले आणि पुढचे भरायला पैसे नसले, की कुलूप आपोआप उघडते. यासाठी कोणी ठराव करत नाही.

परदेशांतली दोन उदाहरणे केवळ माहितीसाठी. जपानात तोयोतोमी हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडच्या तलवारी गोळा केल्या आणि सांगितले की त्या वितळवून क्योतोतल्या महाबुद्धाच्या मंदिरासाठी खिळे घडवायचे आहेत. शेतकऱ्यांनी शेतीची अवजारे तेवढी बाळगावीत, पुण्य मिळेल. शस्त्र काढून घेताना पुण्याची पावती देणारे सरकार विरळा. चीनच्या शिंच्यांग प्रांतात अलीकडच्या काळात खाणावळीतल्या सुऱ्या साखळीने टेबलाला बांधल्याच्या आणि नव्या सुरीच्या पात्यावर विकत घेणाऱ्याची ओळख कोरल्याच्या बातम्या आल्या. कांदा चिरणाऱ्याला तिथे साखळीच्या लांबीएवढे स्वातंत्र्य आहे.

विषयाबाहेरच्या हत्यारांविषयी ठरल्याप्रमाणे दोन ओळी. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने जंगलातल्या आरागिरण्यांना कुलूप लावले, आणि फिलिपिन्सने २००२ च्या कायद्याने यांत्रिक करवतीला नोंदणी सक्तीची केली, हातकरवतीला नाही. बाकी हार्वेस्टर धानाचे शेत तासाभरात भुईसपाट करतो, आणि नागझिरा ते नवेगाव असा वाघांचा माग आडवा कापत गेलेला महामार्ग रुंद होताना झाडे यंत्रांनी पाडली जातात. ती झाडे मोजून परवानगीचे कागद आधीच मिळालेले असतात. कुऱ्हाडबंदीच्या फलकावर यंत्राचे चित्र नसते.

राहता राहिली देखभाल. कुलपाला वर्षातून दोनदा तेलाचा थेंब द्यावा, पावसाळ्यात एक जास्त. किल्ली पावशीच्या खिळ्यालाच अडकवू नये, बहुतेक घरांत ती तिथेच असते. एका किल्लीला दुसरी बनवून ठेवावी आणि ती कोणाकडे आहे हे एकाहून जास्त माणसांना माहीत असू नये, नाहीतर कुलपाचा उद्देश संपतो. किल्ली हरवलीच तर घाबरण्याचे कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानात लोखंड कापायची हातकरवत आणि तिची पाती सुटी मिळतात. दांडी नेहमीच्या कुलपाची असली, तर एखाद-दोन पात्यांत कापून होते. करवत दुकानातल्या फळीवर उघडीच ठेवलेली असते.