कार्योत्तर मंजुरी

देऊळघाटच्या पंचक्रोशीतल्या एका गावात (नाव सांगत नाही, देऊळघाट नव्हे, एवढं मात्र ठळक टायपात छापा) परवा ग्रामसभेला गेलो होतो. विषय क्रमांक चार, विहिरीवरची मोटार. मोटार तीन महिन्यांपूर्वीच बसली होती आणि दोन महिन्यांपूर्वी जळालीही होती. "फक्त कार्योत्तर मंजुरी द्यायची आहे," ग्रामसेवक म्हणाले. हात वर गेले, जळकी मोटार कायदेशीर झाली.

या शब्दाला हसू नका. त्याचं मूळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच. १७२४ साली दिल्लीच्या बादशहाने मुबारिझखान या आपल्या सरदाराला आतून खूण केली की दख्खन निजामाकडून काढून घे. निजामाने त्याला आपल्या साखरखेर्ड्याला गाठून ठार केलं. म्हणजे बादशहाचाच माणूस मारला. आता? निजामाने मुबारिझखानाचं मुंडकं दिल्लीला पाठवलं आणि सोबत बादशहाचं अभिनंदन केलं, की हुजूर, आपल्याविरुद्धचं बंड मोडलं! छुपा हुकूम कबूल करायची बादशहाची सोय नव्हती. पुढच्या वर्षी त्याने निजामाला 'आसफजाह' किताब दिला. ठराव मंजूर.

हीच पद्धत पुढे पाकिस्तानने उचलली, पण श्रेय साखरखेर्ड्याला दिलं नाही. ७ ऑक्टोबर १९५८ ला इस्कंदर मिर्झांनी राज्यघटना गुंडाळून लष्करी कायदा पुकारला. २७ ऑक्टोबरला सरन्यायाधीश मुनीर यांच्या न्यायालयाने सांगितलं की उलथापालथ यशस्वी झाली की तीच कायदा होते. त्याच रात्री जनरल अयूबखानांनी मिर्झांनाच खुर्चीवरून उठवलं. तेही यशस्वी, म्हणून तेही कायदेशीर. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सत्ताविसाव्या घटनादुरुस्तीने फील्ड मार्शल आसिम मुनीर यांना खटल्यांपासून तहहयात संरक्षण मिळालं. एक मुनीर झालेल्याला मंजुरी देणारे, दुसऱ्या मुनीरांना न झालेल्याचीही मिळाली. म्यानमारमध्ये याहून नीटनेटकं आहे. तिथल्या २००८ च्या घटनेनुसार संसदेत हात वर करणारे २५ टक्के लोक आधीच गणवेशात येऊन बसतात, आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त हात लागतात. असा कोरम आमच्या सरपंचांना स्वप्नातही सुचला नसता.

आपण वऱ्हाडी मात्र फार हसू नये. आपण स्वतः फौजेच्या पगारापायी गहाण पडलेली माणसं. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. गोरे अधिकारी, इंग्रजांचा हुकूम, आणि खर्च निजामाचा. पगार थकला. निजामावर इंग्रजांचं कर्ज चढलं. १८५३ च्या तहाने सगळं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झालं. त्या तहात एक भाबडं कलम होतं, की दरसाल जमाखर्चाचा खरा हिशोब निजामाला द्यायचा. १८६० च्या तहात निजामाने तो हिशोब मागायचा हक्कच सोडला. बदल्यात पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं आणि रायचूर, धाराशिव परत मिळाले. हिशोब न विचारण्याचा एवढा भाव पुन्हा कुणाला मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्याकडे मटणाच्या एका जेवणात भागतं.

धाड गावाच्या पुढे आपला जिल्हा संपतो, तिथून पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. रझाकारांनी तिथे काय केलं ते मराठवाड्यातल्या घराघरांत माहीत आहे. मग सप्टेंबरात भारताचे रणगाडे गेले, विमानं गेली, आणि त्याला नाव पडलं 'पोलीस अ‍ॅक्शन'. राज्य आलं लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल चौधरींच्या हाती, वर्षाहून जास्त काळ. त्या कारवाईत आणि तिच्यामागोमाग मुसलमान वस्त्यांत जे घडलं, ते पाहायला दिल्लीने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे सर्वांत वाईट जिल्हे असं समितीने लिहिलं. मृतांचा अंदाज, किमान सत्तावीस ते चाळीस हजार. अहवाल कपाटात गेला. २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळाला, तेव्हा साक्ष देणारेही फारसे उरले नव्हते आणि जाब देणारेही.

याच्या उलटी मंजुरीही असते, हे मला उशिरा कळलं. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकारांचा आपला कायदाही १९५८ चाच. त्याच्या सहाव्या कलमानुसार जवानावर खटला भरायचा तर केंद्राची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे गोळीला कार्योत्तर, प्रश्नाला पूर्व. डिसेंबर २०२१ मध्ये नागालँडच्या ओटिंगमध्ये खाणीतून घरी निघालेले मजूर अतिरेकी समजून मारले गेले. राज्याच्या पोलिसांनी तपास करून लष्कराच्या ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई बंद केली. पुढे कधी मंजुरी आलीच तर पाहू, एवढी फट ठेवून.

आमच्या रस्त्यावर पहाटे लष्करभरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटर, सेकंदाचा हिशोब. छाती सत्त्याहत्तर सेंटिमीटर, फुगवून पाच जास्त. अर्धा कमी पडला की घरी. बापाने शेळी विकून बूट घेतलेले असतात. या पोरांचं सगळं मोजून घेतात. मोजायची टेप खांद्यावरच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नाही, ती लांबीला कमी पडत असावी.

असो. ग्रामसभा संपता संपता मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली.

"बाबू, मोटार बसवाले कोनाले इचारलं व्हतं?"

"आजी, त्याची मंजुरी आत्ताच झाली ना."

"मंग जळाली कशी, ते इचाराले?"

"त्याचा लेखी अर्ज आधी द्या. माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचं तिकीट लावून."

म्हातारीने पदराची गाठ सोडली, चुरगळलेली दहाची नोट टेबलावर ठेवली आणि तिथेच, खुर्ची कुणी दिली नाही तरी, जमिनीवर बसली.

"लाव तिकीट," ती म्हणाली. "मी हाये बसलेली."